करून राह्यली

आमच्याकडे एखादं काम झालेलं नसलं की ते होत असतं. म्हणजे असं, की तुम्ही मला विचाराल, "दिपाली, कपाटाची कडी लावली का?" तर मी म्हणेन, "लावून राह्यली न." त्या वेळी कडी पुडक्यातच असेल, हातोडी शेजारच्या घरी असेल आणि मी चुलीपाशी भाकरी थापत असेन. तरी मी खोटं बोलले असं गावात कुणी म्हणणार नाही. केळापूरच्या बाजूला वाढलेलं माणूस 'करून राह्यली' ऐकतं, मान हलवतं आणि पुढच्या गोष्टीला लागतं. हा शब्द जिभेवर इतका रुळलेला, की त्याच्याकडे नीट बघावं असं मला छत्तीस वर्षांत वाटलं नाही. बघायची पाळी आली ती एका फोनमुळे.

नोव्हेंबरात कापसाची वेचणी चालू होती. कमरेला ओटी बांधलेली, बोटं बोंडांनी ओरबाडलेली, आणि फोन वाजला. "नमस्कार, मी सुरभी बोलतेय." बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. तीन वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत मशरूमचं प्रशिक्षण घेतलं, तिथून ती बोलत होती. म्हणाली, "ताई, प्रशिक्षणानंतर तुम्ही युनिट सुरू केलंत का?"

"करून राह्यली न मॅडम," मी म्हणाले, आणि फोन खांद्यावरून निसटायच्या आत बंद केला.

पलीकडे त्या मुलीने काय लिहून घेतलं ते मला पुढे महिन्याने कळलं. तिने लिहिलं होतं: 'युनिट केले. सातत्याने त्यात राहिल्या.'

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. यवतमाळला पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं, धिंगरी नावाच्या मशरूमचं. आमच्या गावातून मी आणि तीन किलोमीटरवरच्या तांड्यातून बबिता राठोड. एसटीत एकाच बाकावर बसलो म्हणून ओळख झाली, आणि पाचव्या दिवशी परत येताना आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खात होतो. बबिता मोठ्याने हसणारी, प्रश्न विचारायला न लाजणारी. मी वहीत लिहिणारी. ठरलं असं की दोघींनी मिळून सुरू करायचं. तिच्या घरी मोकळी खोली नव्हती, आमच्याकडे बैलांच्या कोठ्याला लागून एक होती. मी खोली तयार करायची, झाली की तिला बोलवायचं, मग दोघींनी बॅगा भरायच्या.

पहिले काही महिने तिचा दर आठवड्याला फोन यायचा. "झाली का वं खोली?"

"करून राह्यली."

पेरणी आली, निंदण आलं, फवारणी आली, वेचणी आली. नणंदेचं लग्न आलं. खोलीत जुनी टोपली, कोळपणीचा मोडका डवरा आणि एक मांजर होतं. एका दुपारी बबिताचा पुन्हा फोन आला. मी आदल्या दिवशीच तिला टाळलं होतं, त्यामुळे स्वतःवरच चिडलेली होते. तिने विचारलं, "खोली झाली का?" माझ्या तोंडून निघालं, "खोली काय विचारते, बॅगा भरून राह्यली मी!"

ती नुसतं "बरं," म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आलाच नाही. दीड वर्ष झालं. मला वाटलं, माझ्या आळसाला कंटाळली बाई. रागावली असेल तर बरोबरच आहे, असं म्हणून मी तिला फोन करणंही पुढे ढकललं. त्या कामातही मी 'करून राह्यली'च होते.

तेवीस डिसेंबरला सुरभीचा दुसरा फोन आला. आनंदाने नुसती उतू जात होती. "ताई, तुमचं युनिट आम्ही अभ्यासभेटीसाठी निवडलंय. बारा जानेवारीला वीस महिला येतील. काही झरी जामणीच्या, काही तुमच्या जवळच्या तांड्यातल्या." तिने तांड्यातली नावं वाचली. रुपीबाई, धनीबाई, राखी. चौथं नाव बबिता.

नाही म्हणता आलं असतं. खोलीत साप निघाला, घरात आजारपण आहे, काहीही. पण बबिता आपलं नाव देऊन माझ्या दारी यायला निघाली होती, आणि तिला दाखवायला माझ्याकडे एक मोडका डवरा होता. ती या वेळी रिकामी खोली बघून गेली, तर पुन्हा कधी येणार नाही, हे मला पक्कं कळलं. मशरूमचं काय व्हायचं ते होवो, पण ते मला सोसलं नसतं.

कपिलला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. मग त्याने उपाय काढला. "वणीकडं माह्या वळखीचा एक हाय. त्याच्या तयार बॅगा आणू दहा-बारा. टांगून देऊ. बाया पायतीन, चहा पेतीन, जातीन. कोणाले काय समजते?"

उपाय सोपा होता. रात्रभर मलाही तो पटलेला होता, उगाच साधुत्व कशाला सांगू? सकाळी मी बॅगा टांगायला दोरी किती लागेल ते बघावं म्हणून प्रशिक्षणाची वही शोधून काढली. गव्हाच्या कोठीमागे पडली होती, कोपरे उंदराने खाल्लेले. माप सापडायच्या आधी माझाच एक प्रश्न सापडला. शेवटच्या पानावर, दोनदा अधोरेखित केलेला: 'आतल्या धाग्याला कसं समजते की आता वर यायचं?'

तो मी तिथल्या सरांना विचारला होता. त्यांनी दाखवलं होतं की बॅगेत आधी नुसता पांढरा धागा पसरतो, कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, काडीकाडीतून, अंधारात, पंधरा-अठरा दिवस. मग प्लास्टिक काढलं, उजेड आणि हवा लागली, की त्याच धाग्यातून मशरूम बाहेर येते. सर म्हणाले होते, "ते तुम्ही घरी करून पाहा, मग समजेल." आणि मी ते पाहिलंच नव्हतं. तीन वर्षं मला हे माहीत करून घ्यायचं होतं आणि तीन वर्षं मी ते माहीत करून घेतलं नव्हतं. हे मला त्या क्षणी भारी नवलाचं वाटलं. दुसऱ्याच कुणाची वही वाचावी तशी मी माझी वही वाचत बसले.

पानंपानं सुबक अक्षर. खोलीचा नकाशा, चार रंगांत. वहीतल्या खोलीत सगळं छान होतं. कुटार कधी सडत नव्हतं, मांजर आत शिरत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. मी सुरू केलं असतं तर यातलं काहीतरी नक्की बिघडलं असतं. म्हणून मी वहीच सांभाळत बसले होते. इतकं साधं कारण, आणि मी ते वेचणीवर, नणंदेच्या लग्नावर ढकलत होते.

मी बोटांवर मोजलं. आज चोवीस. भेटीला एकोणीस दिवस. मशरूम यायला लागतात चोवीस-पंचवीस. काही केलं तरी बारा तारखेला मशरूम दिसणार नव्हती. गंमत म्हणजे हे कळल्यावर मला हलकं वाटलं. दाखवण्यासाठी करायचा प्रश्नच संपला. आता फक्त करून बघायचं उरलं.

"वणीले जाऊ नका," मी कपिलला म्हटलं. "मी यवतमाळले चालली, बी आणाले."

"आज?"

"नऊची एसटी हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि गाडी काढून मला फाट्यावर सोडलं.

मशरूमचं बी म्हणजे उकडलेल्या ज्वारीचे दाणे, पांढऱ्या धाग्याने एकमेकांना चिकटलेले. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसले तर शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, ज्वारीले बुरशी लागली तुह्या." मी म्हटलं, "लावूनच आणली." ती सरकून बसली.

घरी आल्यावर मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, सोयाबीनचं कुटार मागितलं. विठ्ठलराव कुटाराच्या ढिगापाशी राखणदारासारखे उभे राहिले. बैलांचा वर्षभराचा चारा तो.

"कायले पायजे?"

"मशरूम करून…" मी जीभ चावली. "मशरूम करतो म्हणते."

"कवा?"

"आज रात्री भिजवते. उद्या उकडते. परवा भरते."

या घरात 'कधी'ला मी तारखेने उत्तर दिलं, ते पहिल्यांदाच. "घे मग," ते म्हणाले, आणि स्वतःच दोन पोती भरून दिली.

खोली धुतली, चुना मारला, मांजराशी भांडण केलं. कुटार रात्रभर भिजवलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात तासभर गरम पाण्यात ठेवलं, मग ताडपत्रीवर पसरून निथळू दिलं. वहीत लिहिलेलं होतं की मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये, नुसता ओलावा हाताला लागावा. नऊ बॅगांचं कुटार मी दाबून बघितलं. दहाव्या वेळी हात दुखायला लागले होते, म्हणून तशीच भरली. कुटाराचा थर, त्यावर बी, पुन्हा थर, पुन्हा बी. तोंड बांधायचं, टाचणीने भोकं पाडायची. आणि प्रत्येक बॅगेवर मार्करने भरल्याची तारीख.

कपिल म्हणाला, "तारीख काहून लिहून राह्यली? बाया वाचतीन न. त्यायले समजन, परवा-परवाच सुरू केलं म्हणून."

मी २६/१२ लिहिलं. दहाही बॅगांवर, मोठ्या अक्षरात.

मग रोज सकाळी मी खोलीचं दार इतकंसं उघडून बघायची. पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी दाण्यांभोवती पांढरं वलय. आठव्या दिवशी ते वलय शेजारच्या दाण्याच्या वलयाला भेटलेलं. विठ्ठलराव मला दोन-तीनदा म्हणाले की खोलीत काही नाही, उगाच कशाला जाते. पण एका सकाळी मी गेले तर तेच आत उभे, चष्मा सारून बॅगेला नाक लावून. "कुठवर आलं ते पाहून राह्यलो," म्हणाले. ते मात्र खरंच पाहत होते. दहावी बॅग हिरवी पडली. ओलं कुटार, दुसरं काय. मी ती बाहेर काढून कोठ्यामागे पुरली, थोडी रडले आणि वहीत कारण लिहिलं. त्या सुबक वहीतलं ते पहिलं बिघडलेलं पान.

बारा जानेवारीला दोन जीप आल्या. वीस बायका, आणि चष्मा लावलेली, बारीक अंगाची, हातात वही घेतलेली सुरभी. बबिता सर्वांत शेवटी उतरली. तिने मला बघितलं आणि नजर लगेच कोठ्याकडे वळवली.

खोलीत नऊ पांढऱ्या बॅगा टांगलेल्या. सुरभीने इकडेतिकडे बघितलं. "ताई, मशरूम?"

"अजून आली नाही."

"पण तुम्ही तर तीन वर्षांपासून करताय. तुम्हीच म्हणालात, करून राहिले म्हणून."

"मॅडम," मी म्हटलं, "आमच्याकडं करून राह्यली म्हंजे केलं नाही."

झरीच्या एकीने तोंडाला पदर लावला आणि सगळी खोली हसायला लागली. सुरभीचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण मुलगी चांगली होती, तिने पेन काढलं. "थांबा, थांबा. मग केलं असेल तर काय म्हणता?"

"केलं," रुपीबाई म्हणाली.

"आणि करताय पण संपलं नसेल तर?"

"करून राह्यली."

"आणि अजून करायचंच असेल तर?"

"करून राह्यली!" सगळ्याजणी एका सुरात. सुरभीने वही मिटली आणि तीही हसायला लागली.

मी मग सगळं सांगितलं. वही, मांजर, मोडका डवरा, पुरलेली बॅग. बायकांनी प्रश्नांचा पाऊस पाडला, आणि अर्ध्या प्रश्नांना मी "मले माहीत नाही, आता दिसन" असं उत्तर दिलं. चहाला सगळ्या अंगणात गेल्या. बबिता आतच राहिली. ती एका बॅगेवरची तारीख बघत होती.

"सव्वीस बारा. म्हंजे याच डिसेंबरचं?"

"हो."

"त्याच्या आंधीच्या बॅगा?"

"आंधीच्या नाहीतच."

"तू फोनवर म्हनली होती. भरून राह्यली म्हनली होती."

"म्हनली होती."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असेल असं मी दीड वर्ष धरून चालले होते. राग नव्हताच. "मी त्या दिवशी रडली दिपाली. मले वाटलं, खोली झाली, बॅगा बी भरणं सुरू झालं, अन् मले बलावलं नाही. तांड्यातल्या बाईची संगत नसन पायजे तुले. आज बी मी तेच पाहाले आली. मले सोडून काय केलं ते पाहाले."

तो शब्द गावात सगळ्यांना कळतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी समजत होते. बबिताने तो खरा धरला होता. तिने विश्वास ठेवला, म्हणून ती दुखावली गेली.

"चुकलं वं माहं," मी म्हणाले. "खोली झालीच नव्हती. काहीच झालं नव्हतं. लाज वाटली म्हणून तसं बोलली."

तिने बॅगेवर हात ठेवला, आणि एकदम मागे घेतला. "याडी!" ती तिच्या बोलीत आईच्या नावाने ओरडली. "गरम हाय वं हे!"

"जित्तं हाय न."

तिने पुन्हा हात ठेवला, या वेळी दोन्ही. बराच वेळ ठेवला. "वर कवा येते?"

"प्लास्टिक उद्या काढते. मग चार-पाच दिवसानं म्हणतात. मी बी अजून पाह्यलं नाही."

"आली की सांगजो," ती म्हणाली. "खरंच आली की. राह्यली-बिह्यली सांगू नको."

संक्रांत झाली. प्लास्टिक काढलेल्या पांढऱ्या गोळ्यांवर मी दिवसातून तीनदा पाणी शिंपडत होते. सतरा तारखेपर्यंत नुसते पांढरे गोळे. अठराच्या सकाळी एका गोळ्याच्या बाजूला तिळाएवढे दाणे दिसले, करड्या डोक्याचे, दहा-बारा एकत्र. मी खाली बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. धाग्याला कसं समजलं ते मला अजूनही सांगता येणार नाही, पण समजलं होतं. मी बबिताला फोन लावला.

"आली," मी म्हटलं. "खरंच आली."

"येऊन राह्यली," ती म्हणाली, आणि फोन बंद.

मी फोनकडे बघत राहिले. येऊन राह्यली म्हणजे काय? निघाली? आंघोळीला बसली? की तुरीच्या कापणीला चालली आणि पुढच्या महिन्यात बघू? त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहणं कसं असतं, ते मला तेव्हा कळलं. मी दारात गेले, आत आले, पुन्हा दारात गेले.

"कोणाची वाट पाहून राह्यली?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"बबिताची, मामाजी. येऊन राह्यली म्हणे."

"मंग दुपार धर," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

त्यांची चिमूट तोंडात जायच्या आत रस्त्यावर लुनाचा आवाज आला. बबिता. पुढे पायांमध्ये एक फुगलेलं पोतं, आणि त्यातून पाणी गळत होतं. तांड्यापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावर ओली रेघ उमटली होती. पोत्यात कुटार होतं, रात्रभर भिजवलेलं.

"फोन तं मी आता केला," मी म्हटलं. "हे कवा भिजवलं?"

"काल सांजेले. तुह्या फोनची वाट पायली असती तं अजून तीन साल गेले असते." ती उतरली, पदर खोचला आणि पोतं माझ्या अंगावरच ढकललं. "मशरूम मंग पायतो. आंधी हे उकडू. चूल पेटवली का?"

माझ्या तोंडाशी शब्द आलाच होता. तिलाही ते कळलं, कारण ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"नाही," मी म्हणाले, आणि काडेपेटी आणायला घरात धावले.